फोटोची पाठ

कोणताही फोटो हातात आला की माणसे आधी त्याचे तोंड पाहतात. ती आधी त्याची पाठ पाहत असे. पाठीवरचा मजकूर वाचून झाला, त्यातले काही कमी-अधिक नाही अशी खात्री पटली, की मगच ती फोटो सुलटा करी आणि समोरच्या चित्राकडे एखाद्या परिशिष्टाकडे पाहावे तसे पाही.

एका जुन्या दैनिकाच्या छायाचित्र-संग्रहाची ती प्रमुख होती. प्रमुख म्हणजे तिच्या हाताखाली कोणी नव्हते आणि डोक्यावर सगळे होते. ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन ती ऐन तारुण्यात या खोलीत आली, आणि लोखंडी कपाटे, लाकडी खण आणि उत्तरेकडची एक खिडकी यांच्यात तिचे सगळे नोकरीचे आयुष्य गेले. कार्यालयात तिला तोंडावर 'ताई' आणि माघारी 'पाठमोरी' म्हणत. हे तिला ठाऊक होते. एखाद्या वस्तूला तिच्या गुणावरून नाव पडावे, यात वर्गीकरणाच्या दृष्टीने आक्षेपार्ह असे तिला काही वाटत नसे.

संग्रहाचा नियम तिने स्वतः घालून दिला होता. पाठ लिहिल्याखेरीज फोटो खणात जाणार नाही. कोण, कुठे, कधी, कोणी टिपला, छापायला परवानगी आहे की नाही, आणि सर्वांत शेवटी 'माहिती देणारा'. तेही पेन्सिलीने; कारण शाई आज ना उद्या पुढच्या अंगाला उमटते आणि एखाद्या सज्जनाच्या कपाळावर डाग म्हणून मिरवते. शेवटच्या रकान्यावर तिचा विशेष कटाक्ष असे. ऐकले ते कोणाकडून ऐकले, हे ज्याला सांगता येत नाही त्याने सांगितलेली गोष्ट ती माहितीत धरत नसे. चहाटळकीत धरत असे.

दैनिकाचा टकल्या फोटोग्राफर या नियमाला कावला होता.

"ताई, आधी फोटो तरी बघा. जीव धोक्यात घालून काढलाय."

"कोणाचा?"

"माझा, अजून कोणाचा."

"फोटो कोणाचा, ते विचारतेय."

"गर्दी आहे हो. गर्दीला काय नाव असतं?"

"नाव नसेल. पण आपण इथे कशाला जमलोय, हे गर्दीला माहीत असेल ना? जा, विचारून या."

तो पाय आपटत जाई आणि जाता जाता दाराशी उभ्या असलेल्या शिपायाला सांगे, "हिचा स्वतःचा जन्माचा दाखला आणून दिला ना, तरी ही विचारेल, माहिती देणारा कोण." पण तो विचारून येई. आणि वर्षानुवर्षे असे विचारून आल्यामुळेच, कोणत्याही उपसंपादकाने कोणताही फोटो मागितला, तर चहा निवायच्या आत तो त्याच्या टेबलावर पोचत असे. थोरले मालक तिच्या खोलीला दैनिकाची तिजोरी म्हणत. थोरले मालक बोलत कमी आणि वाचत जास्त, म्हणून असेल.

ही शिस्त तिला पदवीने शिकवली असे लोकांना वाटे. प्रत्यक्षात ती घरातून आली होती. तिचा थोरला भाऊ घड्याळजी. वडिलांचे दुकान त्याने पुढे चालवले. बाजारातल्या एका अरुंद गल्लीत, एक माणूस बसेल आणि दुसरा उभा राहील, एवढीच ती जागा. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक घड्याळाला तो पुठ्ठ्याची एक चिठ्ठी पांढऱ्या दोऱ्याने बांधी. चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचे नाव आणि घड्याळाचे दुखणे. "घड्याळ वेळ सांगतं," तो म्हणे, "मालकाचं नाव सांगत नाही. ते आपण सांगायचं." त्याच्याकडे घड्याळ टाकून जाताना कोणी पावती मागत नसे. ती चिठ्ठी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत बांधली जाई, आणि तेवढे पुरे होई.

ती भावाकडेच राहत असे. तिच्या वास्तव्यामुळे घरातल्या प्रत्येक डब्याला चिठ्ठी लागली होती, आणि वहिनी ते सगळे हसत-खिदळत सोसत होती.

"या घरात मीठसुद्धा आपलं नाव सांगितल्याशिवाय भांड्यात पडत नाही," वहिनी म्हणे. "एक दिवस माझ्या पाठीवरही चिठ्ठी चिकटवाल तुम्ही, वन्सं."

"केव्हाच चिकटवली असती. पण तुझ्याबद्दल माहिती देणारा म्हणून दादाचं नाव घालायचं, म्हणजे पक्षपात होतो."

एकदा दुकानाच्या गल्लीला आग लागली. ही फार पूर्वीची गोष्ट. दुकानाचे लोखंडी दार उष्णतेने फुगून अडकले. दादाने पहारीने ते फोडले, आत शिरला, आणि स्वतःची हत्यारे, गल्ला, वडिलांची तसबीर हे सगळे तसेच सोडून लोकांची घड्याळे टेबलावरच्या कापडात गुंडाळून बाहेर आला. नेमक्या त्या क्षणी टकल्या फोटोग्राफर समोर उभा होता. काजळीने काळवंडलेले तोंड, एका हातात पहार, काखेत गाठोडे, मागे फोडलेले दार आणि धूर. गाठोड्याच्या तोंडातून पांढऱ्या दोऱ्यांच्या चिठ्ठ्या लोंबत होत्या. त्या दिवशी दैनिकाने बंबाचा फोटो छापला आणि हा फोटो संग्रहात आला. तिने त्याची पाठ लिहिली: दुकानाचा मालक गिऱ्हाइकांची घड्याळे वाचवताना. माहिती देणारे म्हणून फोटोग्राफरचे आणि अग्निशमन अधिकाऱ्याचे नाव घातले. स्वतःचे घातले नाही. नात्यातल्या माणसाची साक्ष तिच्या नियमात बसत नव्हती.

थोरले मालक गेले आणि धाकटे आले. धाकट्यांना खोल्या मोकळ्या करण्याचा नाद होता. कागद दिसला की त्यांना जागा दिसे. सगळे फोटो यंत्राने टिपून संगणकात घालायचे, असा निर्णय झाला, आणि निर्णयात चूक अशी काही नव्हती. चूक होती ती पुढेच. काम एका कंत्राटदाराला दिले; त्याला मोबदला दर फोटोमागे ठरला होता; आणि प्रत्येक फोटोला बाजू दोन असल्या तरी फोटो मात्र एकच असतो, हे त्या कंत्राटदाराने पहिल्याच सकाळी ताडले.

ती खोलीत आली तेव्हा दोन मुली पत्ते वाटावेत तसे फोटो यंत्राखाली टाकत होत्या. तोंड वर, टिपला, खोक्यात. तोंड वर, टिपला, खोक्यात.

"पाठ कधी टिपणार?" तिने विचारले.

कंत्राटदाराने एक फोटो उलटा करून पाहिला. "मागे काही नाही मॅडम. कोराच आहे."

"ते काय लिहिलंय?"

"ते होय. पेन्सिलीचे डाग आहेत. काळजी करू नका, आमचं यंत्र डाग आपोआप काढतं."

ती तडक धाकट्या मालकांकडे गेली. त्यांनी तिचे म्हणणे मान हलवत ऐकले. ते ऐकताना नेहमीच मान हलवत, आणि ती मान संमतीची नसून सवयीची आहे, हे समोरच्याला फार उशिरा कळे. "ताई, आपण फोटो जपतोय, की फोटोमागचा कागद?" एवढे विचारून त्यांनी तिला लेखी टिपण द्यायला सांगितले. तिने टिपण दिले. त्याच सुमारास वहिनीच्या पोटाची शस्त्रक्रिया निघाली, ताईला रजा घ्यावी लागली, आणि ती परतली तेव्हा खोलीत लांबलचक टेबल, फिरत्या खुर्च्या आणि भिंतीवर पडदा होता. कपाटे नव्हती.

ती रद्दीवाल्याच्या वखारीत गेली. बहुतेक माल आदल्या गाडीने लगदा करायला गेला होता. राहिला होता तो दारातल्या चिखलात. माणसांनी पाय पुसावेत म्हणून कोणीतरी फोटो उलथेपालथे अंथरले होते, आणि येणारे-जाणारे नवऱ्या मुली, खेळाडू, कलेक्टर, बुडालेली घरे यांच्यावरून चालत होते. एक फोटो तिच्याच चपलेला चिकटला. तिने तो सोडवला. पाठ चिखलात विरघळली होती. तिला ओकारी आली. खरीखुरी. भिंतीला हात टेकून तिने तोंड पुसले, आणि रद्दीवाला म्हणाला, "वास सहन होत नाही का बाई? सवय लागते."

तिला सवय लागली नाही. तिला एका कोपऱ्यात टेबल मिळाले, पगार मिळत राहिला, आणि काम मिळाले नाही. टकल्या फोटोग्राफर दरम्यान वारला, आणि आगीच्या वेळचा अग्निशमन अधिकारीही.

दोन-तीन वर्षांनी सल्लागार आले.

त्याचे कारण असे झाले की, जुन्या छायाचित्रांचा व्यापार करणाऱ्या एका बड्या कंपनीला दैनिकाचा सगळा संग्रह विकत हवा होता. कंपनीची माणसे संगणकावर बसली आणि 'पूर' असा शब्द घालून शोधू लागली. एकही फोटो आला नाही. 'आग' घातला, नाही. संगणकाच्या लेखी त्या असंख्य फोटोंना फक्त क्रमांक होते. त्यात पूर होते, आगी होत्या, सगळा गाव होता. पण कोणाचे नाव कोणाला ठाऊक नव्हते. कंपनीच्या माणसांनी सभ्यपणे चहा घेतला आणि सांगितले, हे असे चालणार नाही.

मग सल्लागारांनी त्याच लांब टेबलाशी, त्याच पडद्यावर व्याख्यान दिले. त्यांचे बूट फार स्वच्छ होते. "मेटाडेटा," ते म्हणाले, "म्हणजे माहितीविषयीची माहिती. फोटो ही वस्तू आहे. कोणाचा, कुठला, कधीचा, कोणाच्या मालकीचा, हे कळलं की ती मालमत्ता होते. कोणत्याही संस्थेची खरी संपत्ती हीच. ती नसेल तर तुमचा संग्रह म्हणजे नुसती रद्दी."

"रद्दी तर आपण विकली," ती कोपऱ्यातून म्हणाली.

सगळे हसले. सल्लागारही हसले, त्यांना ती कोटी वाटली. तिने कोटी केली नव्हती. जन्मभर ती जे पेन्सिलीने करत आली होती, तेच हा माणूस आता पडद्यावर रंगीत चौकोनांत दाखवत होता. जे चिखलात तुडवले गेले त्यालाच संपत्ती म्हणत होता. आणि ते चिखलात तुडवणारे धाकटे मालक पुढच्या खुर्चीत बसून मान हलवत होते. वरातीमागून घोडे म्हणावे, तर घोडे तरी खरे असतात.

पुढचे त्याहून किळसवाणे होते. पाठी तर गेल्या होत्या. मग मजकूर आणायचा कुठून? सल्लागारांकडे एक प्रणाली होती. ती फोटोकडे पाहून ओळ सुचवत असे. समोर बसलेल्या माणसाने 'मान्य' असे कळ दाबून सांगायचे. कोणताही रकाना रिकामा राहिला तर पडद्यावर लाल खूण येई आणि पुढचा फोटो येत नसे. त्यामुळे रिकामा रकाना कोणी ठेवत नसे. कोणी दिनांक माहीत नसला तर स्वतःचा वाढदिवस घाली. 'माहिती देणारा' या रकान्यात बहुतेकांनी 'संग्रह' असे लिहिले. म्हणजे संग्रहाची माहिती संग्रहानेच दिली होती. आंधळे दळत होते, कुत्रे पीठ खात होते, आणि सल्लागार पिठाचे वजन करत होते.

तिलाही त्या कामाला बसवले. ज्याची पाठ नक्की आठवत नाही, त्या प्रत्येक फोटोला ती 'अज्ञात' लिहू लागली.

"ताई, अज्ञात विकलं जात नाही," सल्लागार तिच्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले.

"माहीत नाही ते माहीत नाही."

"तुमची स्मरणशक्ती दांडगी आहे असं ऐकलंय."

"स्मरणशक्ती दांडगी असती तर पेन्सिल कशाला लागली असती?"

दैनिकाने या निमित्ताने जुन्या फोटोंची एक रविवारची पुरवणी काढली. ती पुरवणी घरी पहिल्यांदा वहिनीने उघडली. तिने कागद आणून ताईच्या पुढ्यात ठेवला आणि शेजारी उभी राहिली.

अर्ध्या पानावर दादा होता. काजळलेले तोंड, पहार, काखेत गाठोडे, मागे फोडलेले दार. आणि खाली ओळ: आगीचा गैरफायदा घेऊन दुकान लुटणारा इसम.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असे आपण म्हणतो. इथे चोर कोणी नव्हताच. फाशी मात्र दिली गेली होती.

दादा आतून आला, चष्मा लावून त्याने फोटो बराच वेळ पाहिला. "मी तेव्हा बारीक होतो की," तो म्हणाला. मग ओळ वाचली. पुन्हा वाचली. चष्मा काढून तो पुसू लागला आणि पुसतच राहिला.

"ही ओळ तुझ्या इथे लिहितात ना?" वहिनीने विचारले. आजवर तिने ताईला कधी 'तू' म्हटले नव्हते.

सोमवारपासून दुकानाचा नूर पालटला. गल्ली नव्याने बांधली गेली होती. जुने शेजारी पांगले होते. नव्या गिऱ्हाइकांना आग ऐकूनही माहीत नव्हती. कोणी भांडले नाही. माणसे फक्त येत, 'राहू द्या, पुन्हा आणतो' असे म्हणत, आणि दुरुस्त न झालेली घड्याळे चिठ्ठीसकट घेऊन जात. चिठ्ठीसुद्धा परत देण्याचे सौजन्य कोणी दाखवले नाही. एक पोरगेली बाई मात्र प्रामाणिक होती. तिने विचारले, "काका, ते पेपरात तुम्हीच ना?" दादाने हो म्हटले, कारण तो दादाच होता.

ती धाकट्या मालकांच्या दालनात गेली. सल्लागार तिथेच होते.

"तो माझा भाऊ आहे. दुकान त्याचंच होतं. गाठोड्यात लोकांची घड्याळं होती."

"हे कशावरून?" सल्लागारांनी अगदी सौम्यपणे विचारले.

"पाठ मी लिहिली होती."

"पाठ आहे?"

"नाही. तुम्हाला माहीत आहे, नाही."

"मग माहिती देणारा कोण?"

"मी."

"नातं?"

तिचाच नियम तिच्यासमोर स्वच्छ बूट घालून बसला होता.

"फोटो मोठा करा," ती म्हणाली. "गाठोड्यातून चिठ्ठ्या लोंबताहेत. चोर घड्याळांना चिठ्ठ्या बांधत बसत नाही."

पडद्यावर फोटो मोठा केला. कंत्राटदाराने स्वस्तात टिपले होते. मोठे करताच सगळ्याचे चौकोन झाले. चिठ्ठ्यांच्या जागी काही पांढरे ठिपके होते. "धूळ असावी," सल्लागार म्हणाले. "किंवा डाग."

धाकट्या मालकांनी मान हलवली. "ताई, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. प्रश्न विश्वासाचा नाही, प्रक्रियेचा आहे. आपण असं करू. खरेदीदार कंपनीला सगळ्या ओळी तपासल्याचा तज्ज्ञाचा दाखला हवाय. पदवीधर, अनुभवी तज्ज्ञ आपल्याकडे तुम्ही एकट्याच. तुम्ही सही करा. आपण लगेच खुलासा छापू."

"सगळ्या ओळींवर?"

"एकच सही. एकदाच."

"आणि नाही केली तर?"

"तर मग प्रक्रिया," ते म्हणाले. "तिला वेळ लागतो."

घरी तिने हे सांगितले तेव्हा वहिनी लगेच म्हणाली, "करून टाका सही. एका सहीने काय होतंय?" ती पुन्हा 'तुम्ही'वर आली होती, आणि तेच जास्त लागले. दादाकडून तिला वेगळी अपेक्षा होती. तो दुकान लवकर बंद करून आला होता. बंद आणि उघडे यांत आता फारसा फरक उरला नव्हता.

"कर," दादा म्हणाला. "माझा तेवढा एक नीट करून घे. बाकीच्यांचं बाकीचे बघतील."

"लोकांच्या घड्याळांना भलत्याच चिठ्ठ्या बांधशील का तू?"

"दुकानात घड्याळं असती तर सांगितलं असतं," तो म्हणाला आणि हात धुवायला उठला.

तिला त्याची शिसारी आली. आणि दुसऱ्या क्षणी स्वतःची, कारण कार्यालयातून निघताना सही करायची असे तिनेही ठरवलेच होते.

सकाळी ती संगणकापुढे बसली. दाखल्याच्या पानाखाली सहीची जागा होती आणि तिच्यावर 'तज्ज्ञाचा अभिप्राय' असा एक रकाना. सही करण्यापूर्वी निदान काही फोटो उघडून पाहावेत, असे तिच्या जन्माच्या खोडीने ठरवले. रुग्णालयाच्या फाटकाशी एक म्हातारी तोंडावर पदर धरून उभी होती. ओळ: दिलासादायक बातमीनंतर भावनाविवश वृद्धा. रस्त्याच्या कडेला काही माणसे गुडघ्यांत डोके घालून बसली होती. ओळ: विश्रांती घेणारे कामगार. ते विश्रांती घेत होते, की त्यांचा कारखाना बंद पडला होता, की पोलिसांनी त्यांना बसवले होते? तिला आठवत नव्हते. पुढचा फोटो मात्र तिला लख्ख आठवला: पुलाचे उद्घाटन. तिने ओळ दुरुस्त करायला घेतली, आणि शेजारचा, त्याच पुलाचा आणि त्याच गर्दीचा फोटो पाहिला. त्यात पूल कोसळलेला होता. लोक उद्घाटनाला जमले नव्हते.

तिने हात मागे घेतला. त्या म्हातारीला कुठेतरी बहीण असेल, भाऊ असेल. एखाद्या रविवारी त्यांच्या घरी कोणी पान उघडील.

मग तिने 'तज्ज्ञाचा अभिप्राय' या रकान्यात आपल्या नेहमीच्या रेखीव भाषेत लिहिले: 'मूळ पाठी नष्ट करण्यात आल्या आहेत. सर्व ओळी अंदाजाने भरलेल्या असून त्यांपैकी एकही विश्वासार्ह धरू नये.' त्याखाली सही केली, पान धाडले, आणि भाऊ आपण बुडवला हे जाणून, हात मांडीवर ठेवून वादळाची वाट पाहत बसली.

पडद्यावर हिरवी खूण आली.

दुपारपर्यंत कोणी आले नाही. चार वाजता शिपाई आला तो मिठाईची खोकी घेऊन. व्यवहार पुरा झाला होता. धाकटे मालक स्वतः तिच्या टेबलापाशी आले. "ताई, मी म्हणालो नव्हतो, एका सहीचं काम आहे?" रकान्यात काय लिहिले आहे, ते त्यांनी वाचले नव्हते. सल्लागारांनी वाचले नव्हते. विकत घेणाऱ्या कंपनीनेही वाचले नव्हते; रकाना भरलेला आहे, एवढे तिच्या यंत्राने पाहिले होते. संस्थेच्या खऱ्या संपत्तीचा सौदा, ती संपत्ती खोटी आहे असे सांगणाऱ्या कागदावर झाला होता. तिने मिठाईचा तुकडा रुमालात गुंडाळला आणि जाता जाता कचऱ्याच्या डब्यात टाकला. डब्यावर 'कोरडा कचरा' असे लिहिले होते. ती थांबली, आणि तो उचलून ओल्यात टाकला.

शब्द दिल्याप्रमाणे खुलासा छापला गेला. तो आतल्या पानावर, भाड्याच्या जागांच्या जाहिरातींखाली होता: 'आमच्या एका पुरवणीतील एका छायाचित्राखालील ओळीत अनवधानाने त्रुटी राहिली. वाचकांची दिलगिरी व्यक्त करतो.' कोणती पुरवणी, कोणते छायाचित्र, कोण माणूस, काय त्रुटी, यांतले एक अक्षर नव्हते. खुलाशालाही पाठ नव्हती.

दादाने तो वाचला आणि विचारले, "हे माझ्याबद्दल आहे?"

"असावं," ती म्हणाली.

महिनाअखेरीस तिने नोकरी सोडली आणि दुकानात दादाशेजारी, गिऱ्हाईक उभे राहते त्या जागेत एक स्टूल टाकून बसू लागली. वहिनी त्यांचा दोघांचा डबा भरून देई. बोलणे पूर्ववत व्हायला वेळ लागला. पण एके दिवशी डब्याच्या झाकणावर चिठ्ठी आली, 'भाजी. माहिती देणारी: मी', आणि ताईने ती जपून ठेवली.

पुरवणीतला तो फोटो तिने नीट कापून घेतला होता. त्यामागे कोरा कागद डकवून तिने पेन्सिलीने पाठ लिहिली. कोण, कुठे, कधी, कोणी टिपला. शेवटच्या रकान्यापाशी ती थबकली. मग लिहिले: माहिती देणारी: सख्खी धाकटी बहीण. पुरावा: केवळ स्मरण. दादाने खांद्यावरून वाचले. "एवढं खरं लिहिलंस तर कोण विश्वास ठेवणार?" तो म्हणाला. तिने तो कागद दोन काचांत बसवला आणि दुकानात टांगला. पाठ बाहेर, तोंड भिंतीकडे.

बरेच दिवस कोणी तिकडे पाहिले नाही. मग एका दुपारी एक मध्यमवयीन गृहस्थ आले. कोणत्यातरी कार्यालयातले असावेत. खिशाला ओळखपत्र होते. त्यांनी पाठ वाचली. शेवटपर्यंत वाचली, हे तिने त्यांच्या डोळ्यांवरून पाहिले. मग काच हलकेच उलटी करून फोटो पाहिला, दादाकडे पाहिले, आणि काच पुन्हा होती तशी लावली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "चेहऱ्यावरून कळतंच माणूस." त्यांनी मनगटावरचे घड्याळ सोडून दादापुढे ठेवले. "मागे पडतंय."

दादाने पुठ्ठ्याचा तुकडा घेतला, नाव विचारले, लिहिले, आणि पांढऱ्या दोऱ्याची गाठ मारली. पुष्कळ दिवसांनी मारली म्हणून असेल, त्याला ती दोनदा मारावी लागली. गृहस्थ पाहत होते.

"पावती मिळेल ना?" त्यांनी विचारले.

दादाने मान वर केली नाही. वडिलांच्या काळापासून त्या दुकानात पावतीपुस्तक नव्हते. ताईने स्टुलावरून उठून आपल्या पिशवीतला कागद काढला, घडी घालून सरळ फाडला आणि पावती लिहिली: कोणाचे, काय, कधी दिले, कोणाकडे दिले. दुसऱ्या बाजूला काही लिहायचे राहिले का, हे पाहण्यासाठी तिने कागद उलटा केला. मग तो तसाच त्यांच्या हातात दिला. गृहस्थांनी पाठ पाहिली नाही. तोंड वाचले, घडी घातली आणि पावती खिशात ठेवली.